लाकूड, काच आणि घरची मोटार

'सायकलकार' हा शब्द कानावर पडला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पॅडल मारीत चाललेली एखादी छपराची गाडी उभी राहते. तसे होणे साहजिक आहे. पण शब्दाचा मूळ अर्थ तो नव्हे. मोटारसायकलचे इंजिन, मोटारसायकलची साखळी किंवा पट्टा, बारीक चाके आणि वर दोन माणसे मावतील एवढी होडीसारखी पेटी, अशा हलक्या मोटारीला १९१० च्या सुमारास इंग्लंड आणि फ्रान्स या देशांत हे नाव पडले. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते तिच्या इंजिनाबद्दल नव्हे. इंजिनाबद्दल बोलणारे आपल्याकडे चौकाचौकांत भेटतात. आम्ही बोलणार आहोत ते तिच्या अंगाबद्दल, म्हणजे बॉडीबद्दल. लाकूड आणि फायबरग्लास यांची बॉडी घरच्या घरी कशी बांधतात, ती तशी का बांधावी, आणि बांधताना कोणाचे काय पणाला लागते, हा आजचा विषय.

एक खुलासा आधीच केलेला बरा. आम्ही इंजिनिअर नाही. शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या तांत्रिक पुस्तकांच्या कपाटापुढे झाले. त्या कपाटाला गर्दी कधीच नसे, हा आमचा मोठा फायदा. शब्दकोश मांडीवर घेऊन आम्ही ती पुस्तके वाचली, आणि संघटनेच्या कामाने फौंड्र्यांमध्ये फिरताना पुस्तकातले बरेचसे हाताने करणारी माणसे पाहिली. पुढे जे सांगणार आहोत त्यात वाचलेले निम्मे आणि पाहिलेले निम्मे आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९१० साली पॅरिसमध्ये बूर्बो आणि दव्हो या दोघांनी 'बेदेलिया' नावाची गाडी काढली. तीत दोन बैठका एकीमागे एक, आणि गाडी हाकणारा मागच्या बैठकीवर! त्याच वर्षी इंग्लंडात गॉडफ्रे आणि फ्रेझर-नॅश या दोघांनी 'जी. एन.' गाडी सुरू केली. तिची पहिली चासी लाकडाची होती. मॉर्गनची तीनचाकी त्याच सालच्या नोव्हेंबरात लंडनच्या प्रदर्शनात आली. एवढ्या झपाट्याने हा प्रकार फोफावला, की १९१२ च्या डिसेंबरात मोटारसायकल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला त्याची व्याख्या करावी लागली: मोठ्या वर्गातील गाडीचे वजन ३५० किलोपर्यंत, इंजिन ११०० सी.सी. पर्यंत, शिवाय क्लच आणि गिअर हवेतच. त्या वेळची खरी मोटार सामान्य माणसाच्या ऐपतीबाहेर होती. मोटारसायकलवर बायकोला पावसात न्यावयाचे कसे, हा प्रश्न होता. या दोहोंच्या मधली जागा सायकलकारने घेतली. दहाबारा वर्षे ती चालली. १९२२ साली ऑस्टिन कंपनीने 'सेव्हन' ही छोटी, पण चार चाकांची, चार सिलिंडरांची, घरच्या चौघांना पुरेल अशी रीतसर मोटार आणली, आणि सायकलकारचा बाजार बसला. मोठ्या कारखान्याने एकसारखा माल हजारांनी काढला की छोट्या शेडमधल्या कारागिराचे काय होते, ते आपल्या गावाला पुस्तकात वाचावे लागत नाही.

परंतु हौसेने बांधणाऱ्यांच्या हातून ही गाडी सुटली नाही. ब्रिटनमध्ये आजही माणसे आपल्या परसातल्या खोपटात सायकलकार बांधतात. तिकडे एकेकटी बांधलेली गाडी तपासून तिला रस्त्यावर येण्याची परवानगी देण्याची सरकारी पद्धत आहे. आपल्याकडचा कायदा निराळा. त्याच्याकडे आपण नंतर वळू.

आता बॉडीकडे येतो. पहिला प्रश्न असा की एकविसाव्या शतकात लाकूड कशाला? पत्रा का नको?

पत्र्याला आमचा विरोध नाही. पण पत्रा गोल वाकवावयाचा म्हणजे रोलर हवा, दोन्ही दिशांनी फुगवावयाचा म्हणजे इंग्लिश व्हील नावाचे यंत्र आणि ते चालवणारा हात हवा. लाकडाला करवत, रंधा, पटाशी आणि क्लँप पुरतात. हे झाले सोयीचे कारण. खरे कारण त्याहून खोल आहे, आणि ते समजले की पुढचे सगळे समजते. एखाद्या पट्टीची जाडी दुप्पट केली तर तिचा वाकण्याला होणारा विरोध दुप्पट होत नाही. तो आठपट होतो. जाडी तिप्पट केली तर सत्तावीसपट. आता ०.८ मिलिमीटरचा पोलादी पत्रा घ्या. त्याचे एका चौरस मीटरचे वजन सहा किलोच्या वर भरते. चार मिलिमीटर प्लायवुडचे तेवढेच तुकडे सुमारे अडीच किलो भरतात. पोलाद हे द्रव्य म्हणून प्लायपेक्षा वीस-पंचवीस पट ताठ आहे हे खरे. पण प्लायची जाडी पत्र्याच्या पाचपट, म्हणून जाडीमुळे मिळणारा लाभ सव्वाशेपट! हिशेब केला तर निम्म्याहून कमी वजनाचा प्लायचा तक्ता त्या पत्र्यापेक्षा पाच-सहा पट ताठ निघतो. पत्र्याला आतून पट्ट्या मारल्याशिवाय तो ढोलासारखा वाजतो, प्लाय गप्प बसतो, याचे कारण हेच. मात्र ताठ असणे वेगळे आणि अपघातात टिकणे वेगळे. त्या बाबतीत लाकडाची पेटी पोलादी पिंजऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

लाकडाची मोटार ही वेड्याची कल्पना आहे असे कोणास वाटू नये. मॉर्गन कंपनी आजही काही गाड्यांच्या बॉडीचा सांगाडा अ‍ॅश या लाकडाचा करते. १९५९ साली ब्रिटनमध्ये जेम मार्श आणि फ्रँक कॉस्टिन यांनी 'मार्कोस' ही शर्यतीची गाडी काढली, तिचा कणा समुद्री प्लायचा होता. कॉस्टिन हा द हॅविलँड या विमान कंपनीत काम केलेला माणूस, आणि त्याच कंपनीने दुसऱ्या महायुद्धात लाकडाचे 'मॉस्किटो' विमान बनविले होते. पुढे १९८४ साली टोनी हॉवर्थ या इंग्रज गृहस्थाने एपॉक्सी पाजलेल्या प्लायच्या गाड्या बांधून उत्तर ध्रुववृत्तापासून विषुववृत्तापर्यंत नेल्या. 'आफ्रिकार' हे त्यांचे नाव. आफ्रिकेतल्या गावोगावच्या सुताराला बांधता येईल अशी मोटार हे त्याचे स्वप्न होते. गाड्या पोहोचल्या, कंपनी मात्र १९८८ साली बुडाली. गाडी चांगली असणे आणि धंदा चालणे यांचा संबंध आम्ही आयुष्यभर शोधीत आहोत.

सांगाड्यासाठी तिकडे अ‍ॅश वापरतात, कारण ते सरळ धाग्याचे, चिवट आणि धक्का सोसणारे असते. हातोड्याचे दांडे त्याचेच करतात. आपल्याकडे ते मिळत नाही, आणि त्यावाचून अडतही नाही. साग उत्तम, पण त्याच्या अंगी तेल असते. गोंद किंवा रेझिन लावण्यापूर्वी सांध्याचा भाग अ‍ॅसिटोनने पुसून लगेच जोडावा लागतो. नाही तर सांधा दिसावयास झकास आणि सहा महिन्यांनी मोकळा! लाकूड कोणतेही असो, ते वाळलेले हवे. ओलाव्याचे प्रमाण शेकडा १२ च्या खाली आले नसेल तर हात लावू नये. प्लाय घेताना त्यावर आय.एस. ७१० हा समुद्री प्लायचा भारतीय मानक क्रमांक छापलेला पाहावा. फर्निचरचा स्वस्त प्लाय चाकाच्या चिखलाशेजारी दोन पावसाळे काढीत नाही.

आता आकाराविषयी. एक पोस्टकार्ड हातात घ्या आणि त्याची नळी करा, होते. सुळका करा, तोही होतो. आता त्याच पोस्टकार्डाची वाटी करून पाहा. सुरकुती पडते, नाही तर ते फाटते. प्लायचे अगदी असेच आहे. तो एका वेळी एकाच दिशेला वाकतो. जुन्या सायकलकारांच्या शेपट्या होडीच्या नाळेसारख्या निमुळत्या आणि नाके सुळक्यासारखी का, याचे उत्तर या पोस्टकार्डात आहे. ती नटवेगिरी नव्हती. म्हणून पहिले काम पुठ्ठ्याचे. एकास पाच या प्रमाणात पुठ्ठ्याची बॉडी कापून चिकटपट्टीने जोडावी. पुठ्ठा जेथे रुसेल तेथे प्लायही रुसणार. पुठ्ठ्यावर आठवडा घालविणारा प्लायचे दोन तक्ते वाचवतो.

प्लायचे तक्ते एकमेकांस जोडण्याच्या दोन रीती आहेत. जुनी रीत म्हणजे आत पंचवीस मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांचा सांगाडा करून त्यावर प्लाय गोंद आणि स्क्रूने बसविणे. दुसरी रीत होडीवाल्यांची. १९६० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये 'मिरर' नावाची छोटी शिडाची होडी निघाली, ती घरी बसून बांधता येई. तिच्या तक्त्यांच्या कडांना भोके पाडून ते तांब्याच्या तारेने अक्षरशः शिवत असत, मग सांध्यावर आतबाहेर काचकापडाची पट्टी रेझिनने चिकटवीत. चिंचोळ्या नाकाला आणि शेपटीला ही शिवणीची रीत सोपी पडते. बसण्याच्या जागेला, दाराच्या चौकटीला आणि तळाला सांगाड्याची रीत बरी. चार-सहा इंचांवर एक टाका, सांध्याच्या आतल्या कोनात एपॉक्सी आणि लाकडाचा बारीक भुसा यांचा लगदा बोटाने गोलसर फिरवावयाचा, आणि तो ओला असतानाच त्यावर तीन इंच रुंदीची काचकापडाची पट्टी. हा सांधा मोडून पाहिला तर सहसा सांधा तुटत नाही. शेजारचा प्लाय फाटतो.

बसण्याच्या जागेभोवतीचे गोल कडे एका जाड लाकडातून कोरून काढू नये. धागा आडवा तुटतो आणि कडे कमजोर होते. तीन मिलिमीटरच्या पातळ पट्ट्या फर्म्यावर एकीवर एक वाकवून चिकटवाव्या. आमच्याकडचे एक जुने पॅटर्नमेकर हे काम करताना पाहणे म्हणजे गवयाचा रियाज ऐकण्यासारखे आहे.

पॅटर्नमेकर म्हणजे कोण, हे फौंड्रीच्या गावाला सांगावयास नको. पण बाहेरून आलेल्या श्रोत्यांसाठी सांगतो. ओतकामाच्या साच्यासाठी वस्तूची लाकडी प्रतिकृती करणारा सुतार तो पॅटर्नमेकर. धातू थंड होताना आकसतो, म्हणून त्याची फूटपट्टीच वेगळी, आकसण्याचा हिशेब धरून आखलेली. प्रतिकृती वाळूतून अलगद निघावी म्हणून तिच्या उभ्या बाजूंना तो किंचित उतार देतो; त्याला ड्राफ्ट म्हणतात. एकेकाळी फौंड्रीत त्याचा मान मोठा होता. आता पॅटर्न संगणकावर काढतात आणि यंत्र तो कापते. यंत्राला आम्ही दोष देत नाही. काम सरळ आणि लवकर होते. पण पन्नाशीचा पॅटर्नमेकर घरी बसतो तेव्हा त्याच्याबरोबर काय घरी बसते, याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात नसतो. आम्ही या सायकलकारच्या नादी लागलो त्याचे कारण खरे म्हणजे हे. काम सुटलेले दोघे पॅटर्नमेकर, रिक्षाचे एक फिटर आणि आम्ही, अशांनी मिळून एका बंद शेडमध्ये एक बॉडी बांधली. तेव्हा दिसले की फायबरग्लासच्या साच्याला जो उतार लागतो तो या माणसांच्या बोटांत तीस वर्षे मुरलेलाच होता. त्यांना नवीन शिकावे लागले ते फक्त रेझिन.

फायबरग्लास म्हणजे काय? मातीच्या भिंतीत भुसा किंवा गवत का घालतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला अर्धे उत्तर ठाऊक आहे. नुसती माती दाबाला टिकते, ताणाला चिरते. गवताचा धागा ताण घेतो, माती त्या धाग्याला जागेवर धरते. येथे गवताच्या जागी काचेचा केसासारखा धागा आणि मातीच्या जागी रेझिन. काच ठिसूळ खरी, पण तिचा बारीक धागा ताणाला विलक्षण टिकतो. अमेरिकेत १९३० च्या दशकात असे धागे घाऊक प्रमाणावर निघू लागले. १९५३ साली शेव्हरोले कंपनीची 'कॉर्व्हेट' फायबरग्लासच्या बॉडीने बाजारात आली. छोट्या गाड्यांना तर हे द्रव्य वरदानच ठरले, कारण पत्रा ठोकणारे लाखो रुपयांचे प्रेस नकोत. ब्रिटनच्या रिलायंट कंपनीने आधी अ‍ॅशच्या सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियम चढविले आणि १९६२ पर्यंत आपल्या तीनचाकीची पूर्ण बॉडी फायबरग्लासची केली. त्याच वर्षी आयल ऑफ मॅन बेटावरच्या पील कंपनीची एका माणसाची गाडी निघाली: लांबी १३७ सेंटिमीटर, वजन ५९ किलो. तिला रिव्हर्स गिअर नव्हता. उतरावयाचे आणि मागची मूठ धरून तिला फिरवावयाचे! आपल्या देशात १९७० च्या दशकात बंगळूरला 'बादल' ही तीनचाकी फायबरग्लासच्या बॉडीची बनत होती.

एकच गाडी बांधणाऱ्याने साच्याच्या फंदात पडू नये असे आमचे मत आहे. साचा म्हणजे आधी पूर्ण आकाराची लाकडी प्रतिकृती, तिच्यावरून फायबरचा साचा, आणि त्यातून पुन्हा बॉडी. एका गाडीसाठी तीन गाड्यांची मेहनत. लाकडाची बॉडी करून तिच्यावरच काचकापडाचे कातडे चढवावे, लाकूड आत तसेच राहू द्यावे. दिव्यांचे टोप, चाकांवरचे मडगार्ड असे वाटीसारखे भाग मात्र साच्यातून काढावे. एकाच साच्यातून चारही मडगार्ड निघतात.

आता रेझिनची निवड, आणि येथेच बहुतेक जण फसतात. बाजारात दोन जाती आहेत. पाण्याच्या टाक्या, दारे, रसवंतीवरचे पुतळे ज्याचे होतात ते पॉलिएस्टर. स्वस्त, पण लाकडाला नीट धरीत नाही. दुसरे एपॉक्सी, महाग, पण लाकडाच्या धाग्यात शिरून घट्ट बसते. लाकडावरच्या कातड्याला एपॉक्सीच वापरावे, मडगार्डांना पॉलिएस्टर चालेल. कापडही त्याप्रमाणे बदलते. तुटक धाग्यांची जी मॅट बाजारात सर्रास मिळते तिच्यातला चिकटा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो आणि मॅट मऊ पडते. एपॉक्सीत स्टायरीन नसल्यामुळे ती तशीच ताठ राहते. एपॉक्सीबरोबर विणलेले कापड घ्यावे. चौरस मीटरला दोनशे ग्रॅमचे पुरते. आतल्या पोकळ्यांत थर्माकोल भरणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की पॉलिएस्टर थर्माकोलला साखरेसारखे विरघळविते.

मिश्रणाचे नियमही दोघांचे वेगळे. पॉलिएस्टरला हार्डनर शेकडा एक ते दोन इतकाच, आणि उन्हाळ्यात तो कमी केला तरी काम भागते. एपॉक्सीला तसे चालत नाही. डब्यावर जे प्रमाण लिहिले आहे ते तराजूवर तंतोतंत. लवकर सुकावे म्हणून हार्डनर जास्त ओतणाऱ्याला बक्षीस म्हणून कायमचा चिकट थर मिळतो. मिसळलेले रेझिन मगात ठेवले तर आपल्याच उष्णतेने धुमसते, म्हणून ते पसरट ताटात काढावे. दहा अंश तापमान वाढले की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो. आपल्या एप्रिलच्या दुपारी पुस्तकातली मिनिटे चालत नाहीत, पहाटेचे काम खरे. पावसाळी हवेत सुकलेल्या एपॉक्सीवर मेणचट साय धरते. ती पाण्याने धुऊन काढल्याशिवाय दुसरा थर देऊ नये.

कापड कोरडे पसरावे, रेझिन मधोमध ओतून कडांकडे रबराच्या पट्टीने ओढावे. कापड दिसेनासे झाले की पुरे. जास्त रेझिन म्हणजे जास्त ताकद ही समजूत खोटी आहे. ताकद काचेची, रेझिन केवळ धरून ठेवणारे. कापडाच्या वजनाइतके रेझिन आणि वर विणीचे खड्डे भरण्यापुरता एक थर, एवढाच हिशेब. आमच्या बॉडीचा अंदाज असा होता: सांगाड्याचे लाकूड १७ किलो, बाजूंचा प्लाय २१, नऊ मिलिमीटरचा तळ ८, काच आणि एपॉक्सी ८, एकूण ५४ किलो. दोन माणसे ती सहज उचलीत.

आता आम्ही जे सांगणार आहोत ते कोणी हौशी मनुष्य कंटाळून वगळील, म्हणून आवाज चढवून सांगतो. पॉलिएस्टरचा हार्डनर हे पेरॉक्साइड आहे. त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. डबा उघडण्यापूर्वी स्वच्छ पाणी हाताशी असले पाहिजे, डोळ्यांवर चष्मा असला पाहिजे, आणि थेंब उडालाच तर निदान पंधरा मिनिटे डोळा वाहत्या पाण्याखाली धरून तसेच दवाखाना गाठला पाहिजे. जांभळा अ‍ॅक्सिलरेटर आणि हार्डनर हे दोन एकमेकांत सरळ कधीही ओतू नयेत. भडका उडतो, स्फोटही होतो. अ‍ॅक्सिलरेटर आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावा, नंतरच हार्डनर. पॉलिएस्टरचा जो उग्र वास येतो तो स्टायरीनचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली स्टायरीन 'माणसाला बहुधा कर्करोगकारक' या गटात घातले. नाकाला बांधलेला रुमाल त्या वाफेला अडवीत नाही, धुळीचा कागदी मास्कही अडवीत नाही; कार्बनच्या डब्या लावलेला मास्क लागतो आणि आरपार वारा लागतो. एपॉक्सीला वास कमी म्हणून ते निरुपद्रवी समजू नये. ते कातडीला लागत राहिले तर एके दिवशी अंगावर फोड उठतात, आणि मग आयुष्यभर त्याचा नुसता स्पर्शही सोसत नाही. हातमोजे पहिल्या दिवसापासून घालावेत. घासकाम कोरडे न करता पाणी लावून करावे.

हौशी माणसाला हे सारे सांगता येते, तो आपला मालक आहे. पण ज्या शेडमध्ये रोज बारा तास हेच काम चालते तेथे कोण सांगणार? एका शेडमध्ये एकोणीस-वीस वर्षांच्या पोराच्या डोळ्यात हार्डनर उडाला. पाण्याचा नळ आवाराच्या पलीकडच्या टोकाला होता. मालकाचे म्हणणे असे पडले, की पोराने लक्ष द्यावयास हवे होते. पोराला त्या बाटलीत काय आहे हेच कोणी सांगितले नव्हते, तर त्याने लक्ष कशाकडे द्यावयाचे? भोपाळच्या १९८४ च्या संहारानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेतील कामगाराला धोक्याची माहिती मिळण्याचा हक्क लिहून मिळाला. परंतु त्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असतील तरच तो कारखाना मानला जाई. आणि फायबरच्या शेडमध्ये पाचसात पोरे असत. म्हणजे हक्क होता, पण तो पोरांपर्यंत पोहोचत नव्हता. आम्ही बॉडी बांधली त्या शेडच्या भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरांत या सूचना लावल्या, आणि बघावयास येणाऱ्या फायबरवाल्या पोरांना त्यांची एकेक प्रत दिली. गाडी पाहून ती हसली, कागद मात्र घडी करून खिशात ठेवला. आमच्या लेखी त्या कागदाची किंमत गाडीहून कमी नाही.

बॉडी चासीवर बसविणे हा शेवटचा अवघड भाग. चासी खड्ड्यात पिळवटते, बॉडी ताठ असते. दोघींना चार कोपऱ्यांत घट्ट आवळले तर बॉडीचे सांधे कुरकुरतात आणि मग चिरतात. १९२० च्या दशकात वेमन नावाच्या गृहस्थाने यावर तोड काढली ती अशी, की लाकडाला लाकूड लागूच द्यावयाचे नाही. मध्ये धातूच्या पट्ट्या, वरून कापडी कातडे. आपल्याला एवढे करावयास नको. तीन पायांचे स्टूल कोणत्याही जमिनीवर डुगडुगत नाही, तसे बॉडीला तीनच ठिकाणी धरावे, पुढे दोन आणि मागे एक, आणि प्रत्येक ठिकाणी ट्रकच्या जुन्या टायरचा जाड तुकडा घालावा. बोल्टाचे भोक आधी मोठे पाडून एपॉक्सीने भरावे आणि सुकल्यावर त्यातच पुन्हा योग्य मापाचे पाडावे, म्हणजे लाकडाच्या धाग्यात पाणी शिरत नाही. बैठकीचा पट्टा, स्टिअरिंग, पेट्रोलची टाकी यांतले काहीही लाकडावर लटकवू नये. ते सगळे पोलादी चासीला. इंजिन आणि माणूस यांच्यामध्ये पत्र्याची आडभिंत हवीच, कारण रेझिन पेटते.

आता कायद्याचे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय मोटार सार्वजनिक रस्त्यावर चालविता येत नाही, आणि नव्या जातीच्या वाहनाला नोंदणीपूर्वी १९८९ च्या केंद्रीय नियमांतील नियम १२६ प्रमाणे पुण्याच्या ए.आर.ए.आय. सारख्या मान्य संस्थेकडून नमुना तपासून घ्यावा लागतो. त्या चाचण्या कारखानदाराच्या खिशाच्या मापाने बेतलेल्या आहेत. एकच गाडी बांधणाऱ्या मिस्त्रीच्या नव्हेत. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांची 'मीरा' ही छोटी मोटार आमच्या पिढीने फक्त ऐकली. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची पंचवीसेक वर्षे त्यांनी तिचे नमुने सुधारले, आणि तरीही ती बाजारात येऊ शकली नाही. तपासणी नको असे आमचे म्हणणे मुळीच नाही. रस्त्यावरच्या माणसाचा जीव हौशी माणसाच्या हौसेपेक्षा मोठा आहे. पण ब्रिटनसारखी एकेका गाडीची तपासणी, परवडेल अशा फीमध्ये, आपल्याकडेही का नसावी? हा प्रश्न आम्ही सभेपुढे ठेवतो. आमची गाडी तूर्त खाजगी आवारात फिरते.

ज्यांना रस्त्यावरच जावयाचे आहे त्यांना एक मार्ग मोकळा आहे, तो पॅडलचा; आणि आरंभी जी समजूत आम्ही दूर केली ती येथे मागील दाराने परत येते. पायाने चालणाऱ्या वाहनाला मोटार वाहन कायदा लागू नाही. फ्रान्समध्ये शार्ल मोशे याने हलक्या बॉडीच्या चारचाकी पॅडलगाड्या बनविल्या. त्याच्याच आडव्या बैठकीच्या सायकलवर १९३३ च्या जुलैत फ्रान्सिस फोर याने तासाला ४५.०५५ किलोमीटरचा विक्रम केला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघाने असली सायकल ही सायकलच नव्हे असे ठरविले! असो. वर सांगितलेली बॉडी, तीन मिलिमीटरच्या प्लायची आणि एकाच थराच्या कापडाची, पॅडलगाडीलाही बसते.

राहता राहिला रंग. एपॉक्सी उन्हाने पिवळे पडते आणि हळूहळू भुकटते, म्हणून रंग हवाच. तो फिका असावा, कारण काळी बॉडी उन्हात तापून रेझिन मऊ पडते आणि कापडाची वीण वर उमटते. तळाला सर्वांत खालच्या जागी पाणी जाण्यासाठी दोन भोके ठेवावी, आणि त्यांच्या कडाही एपॉक्सीने माखाव्या. पहिला पावसाळा गेला की सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्यावे. शेडचे भाडे आम्ही दिवाळीपर्यंतचे भरले आहे. रविवारी सकाळी दार उघडे असते.